माजघरातली रेंज

कसबा बावड्याच्या पिराजीला नाही म्हणता येत नसे. लग्नपत्रिका घेऊन कुणी आलं की तो 'येतो की' म्हणे. एकाच मुहूर्ताच्या दोन पत्रिका आल्या तरी दोघांनाही म्हणे, आणि त्या दिवशी अंगात कणकण आहे असं सांगून घरी पडून राही. अशा माणसाला पाणीपुरवठा संस्थेने पाटकरी केलं होतं. पाटकरी म्हणजे नदीचं उपसलेलं पाणी पाळीपाळीने सभासदांच्या उसाला सोडणारा. त्याचा निम्मा दिवस लोकांना 'आज तुमची पाळी नाही' हे सांगण्यात जायला हवा. निवडीच्या सभेत प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला असावा की हा माणूस आपल्याला नाही म्हणणार नाही. सगळ्यांनी तो आपापल्यापुरता केल्यामुळे निवड बिनविरोध झाली.

पहिली काही वर्षं पिराजी सायकलवरून नदीवर जाऊन मोटर चालू-बंद करी. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्याच सुमारास संस्थेने स्टार्टरशेजारी सिमकार्डाची डबी बसवली. डबीच्या नंबरला फोन केला की दोन रिंगा वाजून तो आपोआप कट होई आणि मोटर सुरू होई. परत फोन केला की बंद होई. फोन कुणाचा आहे तेवढं डबीला ओळखता येई. मोटर चालू आहे की बंद, हे ती सांगत नसे. सांगणारी, बोलणारी डबीही बाजारात होती. पण आपल्या संस्थेत बोलणारांची काय कमी आहे काय, असं एका वडीलधाऱ्या सभासदाने विचारलं आणि मुकी डबी मंजूर झाली. सुरुवातीला तिच्यात दोन नंबर होते, पिराजीचा आणि चेअरमनचा. एकाने चालू केलेली मोटर दुसरा चालू करायला म्हणून बंद करी, आणि दोघेही समाधानाने झोपत. ऊस पिवळा पडायला लागल्यावर ठराव झाला आणि एकट्या पिराजीचा नंबर उरला. म्हणजे पंचगंगेच्या काठावरची ती मोटर जगात एकाच माणसाचं ऐकत होती, आणि तो माणूस सगळ्यांचं ऐकत होता.

यातून वाट काढून दिली ती माजघराने. पिराजीच्या घरामागे पाच मजली अपार्टमेंट उभी राहिली आणि मधल्या खोलीतली रेंज गेली. पुढच्या पायरीवर दोन काड्या, गच्चीवर चार, माजघरात भोपळा. घरातल्या बाकीच्यांनी बिल्डरला शिव्या दिल्या. पिराजीने दिल्या नाहीत. पाळी नसताना कुणी पाणी मागायला आलं की तो त्याला 'या की, च्या घिऊया' म्हणत थेट माजघरात नेई, समोर बसवी, डबीचा नंबर लावी आणि स्पीकर चालू करून फोन दोघांच्या मध्ये ठेवी. फोन थोडा वेळ गप्प राही आणि नेटवर्क नसल्याची पट्टी दाखवी. 'बघा, लागंना झालाय,' पिराजी दुःखाने म्हणे, 'लागला की लगेच मोटर लावतो.' आलेला माणूस चहा पिऊन, बिल्डरच्या नावाने दोन शब्द बोलून जाई. कुणालाच संशय आला नसेल असं नाही. पण चहा चांगला असे, आणि पिराजीने नाही म्हटलं असं कुणालाही कुठे सांगता येत नसे.

माजघराचा दुसरा उपयोग जास्त गंभीर होता. नदीवर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलं की मोटरच्या ओढीने ते पाण्याखालच्या पाइपाच्या तोंडाशी जाई आणि तिथल्या जाळीत अडकून बसे. ते काढायला ज्ञानू उतरे. ज्ञानू हा संस्थेचा दुसरा नोकर, पाण्यात मासा आणि बोलण्यात दगड. जाळीत हात घालून बसलेला असताना मोटर सुरू झाली तर त्या हाताचं आणि हातामागच्या माणसाचं काय होईल, हे त्या दोघांनी कधी बोलून बघितलं नव्हतं. पूर्वी आधी फ्यूज काढून खिशात घालायची रीत होती. फ्यूजच्या चिनी मातीच्या पकडी जुन्या होऊन काढताना तुटायला लागल्या, तशी ती रीत मागे पडली आणि तिच्या जागी दुसरी आली. उतरायच्या आधी ज्ञानू फोन करी, पिराजी 'कोनाड्यात ठेवतो' म्हणे, आणि फोन माजघरातल्या कोनाड्यात ठेवून देई. काम झालं की ज्ञानू सायकलवरून येऊन दारातूनच 'झालं' म्हणे, आणि मगच फोन माजघराच्या बाहेर पडे. तिथून जगात कुठेच फोन लागत नव्हता. यापेक्षा पक्कं कुलूप त्यांना मिळणार कुठे होतं?

घरात वाय-फाय आलं होतं ते सुनेमुळे. संयोगिता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. पिराजीच्या फोनवर कितीतरी दिवस सॉफ्टवेअर अपडेटची पट्टी येत होती. तिच्यावर 'आत्ता' आणि 'नंतर' अशी दोनच बटणं होती, 'नको' असं बटणच नव्हतं. तो फोन बनवणाराही बहुधा बावड्याचाच असावा. पिराजी रोज 'नंतर' दाबी. शेवटी एका संध्याकाळी संयोगितेनेच ते अपडेट करून टाकलं. फोन बंद होऊन परत सुरू झाला, त्याने आणखी काहीतरी विचारलं, तिने त्यालाही होकार दिला, आणि म्हणाली की मामा, आता वाय-फायवरनं घरात कुठंबी फोन लागतोय बघा. पिराजी 'बरं' म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणत असल्यामुळे त्याने ऐकलं का, हे तिने तपासून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ज्ञानूचा फोन आला. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा होती. मोटर सकाळपासून चालवून, पाणी कमी पडायला लागलं म्हणून पिराजीने नुकतीच बंद केली होती. ज्ञानू 'उतरतो' म्हणाला. पिराजी 'कोनाड्यात ठेवतो' म्हणाला, आणि त्याने ठेवला.

ज्ञानूने अजून शर्टही काढला नसेल तोवर दारात मोटरसायकल थांबली. धैर्यशील आला होता. नाव धैर्यशील असलं तरी आईबापांचा हा अंदाज पुढे खरा ठरला नव्हता. त्याची उसाची नवी लागण होती, पाळी दुसऱ्या दिवशी होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जयसिंगपूरला सासुरवाडीत कार्याला जायचं होतं. तेव्हा आजच थोडं पाणी फिरवून घ्यावं, असं त्याने ठरवलं होतं आणि ते कळवायला तो आला होता.

पिराजीने त्याला खरं कारण सांगितलं. ज्ञानू जाळी काढायला गेलाय, असं तो म्हणाला. पण सवय नसल्यामुळे ते इतकं हळू आणि इतकं ओशाळून म्हणाला की धैर्यशीलला ते खोटंच वाटलं.

"सकाळधरनं जाळीच काढताय व्हय?" तो म्हणाला. "आला असंल की तो वर केव्हाच. लावा, नाना. एवढ्याशा पाण्यानं नदी आटत न्हाय."

खरं चाललं नाही, तेव्हा पिराजीने नेहमीचं काढलं. 'या की, आत बसा,' तो म्हणाला आणि संयोगितेला चहा ठेवायला सांगितलं. कोनाड्यातून फोन घेतला, पण माजघराच्या बाहेर नेला नाही. त्यामुळे ठरलेली रीत आपण मोडतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. धैर्यशील समोर बसला. पिराजीने नंबर दाबला, स्पीकर चालू केला, फोन मध्ये ठेवला आणि दुःखी चेहरा करायला सुरुवात केली.

फोन वाजला.

त्या खोलीत तो आवाज पिराजीने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, त्यामुळे हे काय वाजतंय ते त्याला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा दुसरी रिंग सुरू झाली होती. त्याने झडप घालून लाल बटण दाबलं. कॉल कट झाला. त्याने कट केला की डबीने, हे सांगणारं कुणी नव्हतं.

"लागला की," धैर्यशील खूश होऊन म्हणाला.

पिराजीने फोन हातात घेतला. "ज्ञानू पाण्यात हाय," तो म्हणाला. या वेळी मात्र ते खरं वाटलं.

धैर्यशील उठून उभा राहिला. त्याचा राग, पाणी, सासुरवाडी सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरलं. "मग बंद करा. परत दाबा. दाबा की लवकर."

पिराजीचा अंगठा नंबरावर गेला आणि तिथेच राहिला. दुसरी रिंग पुरी झाली असली तर मोटर सुरू झालेली होती, आणि परत फोन केला की बंद होणार होती. रिंग अर्धी राहिली असली तर मोटर बंदच होती, आणि परत फोन केला की तोच ती सुरू करणार होता. नेहमी तो गच्चीवर जाऊन रानातल्या चेंबरमध्ये, म्हणजे पाइपाच्या वरच्या टोकाच्या हौदात, पाणी पडतंय का बघे. पण पाणी तिथवर यायला वेळ लागे, आणि जाळी तुंबलेली असताना मोटर चालू असली तरी चेंबरमध्ये काही दिसलं नसतं. मुकी डबी मंजूर झाली त्या सभेत हात वर करणाऱ्यांत पिराजीही होता. त्याने दोन्ही बाजूंनी हात वर केला होता.

आवाज ऐकून संयोगिता बाहेर आली. सासऱ्याच्या हातातला फोन आणि त्याच्यावरची वाय-फाय कॉलची नवी खूण बघून तिला अर्ध्याहून जास्त कळलं. तिने काल सांगितल्याची आठवण करून दिली नाही. ज्ञानूकाकांना फोन लावा, एवढंच ती म्हणाली.

पिराजीने लावला. तोही लागला. माजघरातून पहिल्यांदाच पाहिजे त्या माणसाला फोन लागत होता, आणि तो माणूस पाण्याखाली होता. रिंग वाजत राहिली, वाजून थांबली. परत लावला. परत वाजून थांबली. चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचा, चहा उतू गेला आणि कुणी बंद करायला गेलं नाही.

मोटरसायकलवर पिराजी मागे बसला तेव्हा गुडघ्यातून कळ गेली, ती त्याला नंतर घरी आल्यावर जाणवली. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता. एका ट्रॅक्टरवाल्याने बाजू द्यायच्या आधी कुठे आग लागलीय का, असं विचारलं. धैर्यशीलने त्याला जे सांगितलं ते ऐकून त्याने ट्रॅक्टर जवळजवळ उसातच घातला. पाणंदीला लागल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर धूळ. धैर्यशील मान मागे न वळवता ओरडत होता.

"नाना, परत दाबा. निदान बंद तरी हुईल."

"न्हाय."

"रिंग दोन झाल्या. मी मोजल्या. माझ्या कानानं ऐकलंय."

"दुसरी पुरी झाली का, ते सांगा."

धैर्यशीलने गाडी आणखी जोरात सोडली. मग म्हणाला, "जबाबदारी माझी. दाबा तुम्ही."

पिराजीने फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. इथे उघड्यावर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. अंगठ्याचं काम होतं फक्त. आयुष्यात इतक्या ठामपणे त्याला कुणी काही सांगितलं की तो ते करून मोकळा झाला होता, आणि पुढचं पुढे बघितलं होतं. आत्ता करून मोकळं व्हावं असं त्याला इतकं वाटलं की त्याने फोन पालथा करून धरला.

"न्हाय," तो म्हणाला. "म्हणलो न्हवं एकदा? न्हाय."

धैर्यशीलने आरशातून मागे बघितलं. मागे पिराजीच होता.

नदीवर पोचल्यावर धैर्यशीलने इंजिन बंद केलं आणि दोघेही कान देऊन उभे राहिले. मोटर वाजत नव्हती. पण ती न वाजण्याची दोन कारणं असू शकत होती. ती सुरूच झाली नसेल, किंवा सुरू होऊन काहीतरी अडकल्यामुळे बंद पडली असेल. काय अडकल्यामुळे, हे वाक्य पिराजीने मनातही पुरं केलं नाही.

दगडावर ज्ञानूची पँट आणि शर्ट होता. शर्टाच्या खिशात फोनचा बारीक दिवा लुकलुकत होता, त्यांच्या न घेतलेल्या फोनांचा. सायकल झाडाला टेकलेली होती. नदीवर काठापासून आतपर्यंत हिरवं केंदाळ सपाट पसरलं होतं, इतकं निवांत की वर बसून जेवावं. पाइप ज्या ठिकाणी पाण्यात शिरत होता तिथे केंदाळ बाजूला सारून ताटाएवढी जागा मोकळी केलेली होती. त्या जागेत काळं पाणी होतं आणि पाण्यात काही हलत नव्हतं.

पिराजी पायऱ्या उतरला. कसा उतरला ते त्याच्या गुडघ्यांनाच माहीत. शेवटच्या पायरीवर तो पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभा राहिला आणि त्याने ज्ञानूला हाक मारली. पाण्याखाली हाक जात नाही हे माहीत असून परत मारली. मागे धैर्यशील बूट काढत होता. त्याला पोहता येत होतं, पण केंदाळाखाली पोहणं वेगळं. एक बूट निघाला, दुसऱ्याची गाठ बसली.

काळ्या पाण्यात बुडबुडे आले, मग केंदाळाचा एक झुबका आणि त्याच्याखाली ज्ञानूचं डोकं. ज्ञानूने श्वास घेतला, डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि या दोघांकडे, एकाच्या पायातल्या बुटाकडे आणि दुसऱ्याच्या भिजलेल्या धोतराकडे बघितलं. मग तो काठाला आला. त्याच्या हातात टॉवेल होता. टॉवेलाच्या चिंध्या झाल्या होत्या.

एरवी महिन्यात बोलेल इतकं तो एका दमात बोलला. जाळीत हात घालायच्या आधी त्याने टॉवेल हाताला गुंडाळायला घेतला होता, तेवढ्यात मोटर सुरू झाली. टॉवेल हातातून गेला. हात अजून आत गेला नव्हता, एवढंच. तो वर आला, पंपघरात जाऊन लाल बटण दाबलं. लाइट जाऊन आली असणार आणि तो आपोआप मोटर लावणारा खटका चालू राहिला असणार, असा त्याने हिशेब केला. तो खटका बंद केला, आणि जाळीत टॉवेल राहिला तर मोटर जळेल म्हणून परत खाली गेला. या खेपेला दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालावे लागले, टॉवेल चांगलाच आत ओढला होता.

"बोर्डाचं असंच हाय," धैर्यशील घाईघाईने म्हणाला. "लाइट घालवत्यात, आनत्यात, कशाचा पत्त्या न्हाय." त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की बोर्डाच्या बाबतीत ती आजवर कुणी ऐकली नसेल.

गोष्ट तिथे मिटत होती. बोर्डावर एक आळ जास्त पडला असता तर बोर्डाला कळलंही नसतं. नदीवर तिघे होते, त्यांतल्या दोघांना खरं माहीत होतं, आणि तिसऱ्याने कारण स्वतःच शोधून दिलं होतं. पिराजीला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं, आणि त्यात त्याचा हात धरणारा बावड्यात कुणी नव्हता.

"बोर्डानं न्हाय लावली," तो म्हणाला. "मी लावलो."

ज्ञानू टॉवेल पिळत होता. पिळायचा थांबला. "कशाला?"

पिराजीने धैर्यशीलकडे बघितलं. "ह्यांस्नी न्हाय म्हणायला."

हे ज्ञानूला समजावून सांगायला वेळ लागला. अपडेट, वाय-फाय, माजघर, चहा, सगळं आलं. ऐकताना ज्ञानूने शर्ट घातला, तो उलटा घातला गेला, परत काढून सुलटा घातला. पिराजी बोलत होता तोवर त्याची बोटं बटणं लावत होती आणि एकेक बटण दोनदा निसटत होतं.

"परत फोन केला न्हाईसा?" शेवटी त्याने विचारलं.

उत्तर धैर्यशीलने दिलं. वाटभर आपण ओरडत होतो की परत दाबा, जबाबदारीसुद्धा घेतली, पण ह्यांनी ऐकलंच नाही, हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच काहीतरी लक्षात आलं. पाणंदीत ते ओरडणं चाललं होतं तेव्हा मोटर बंद होती, परत केलेल्या फोनाने ती सुरूच झाली असती, आणि ज्ञानूचे हात कोपरापर्यंत जाळीत होते.

ज्ञानूने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. रागावला असता तर पिराजीला बरं वाटलं असतं.

"म्हंजे न्हाय म्हणाय येतंय की तुमास्नी," ज्ञानू म्हणाला आणि सायकलकडे गेला.

संध्याकाळी संयोगितेने सासऱ्याला विचारलं की ते वाय-फाय कॉलिंग बंद करू का. एका बटणाचं काम आहे, माजघर पहिल्यासारखं होईल. पिराजीने बराच वेळ विचार केला. कोनाड्याकडे बघितलं, समोरच्या पाहुण्याच्या जागेकडे बघितलं. 'नको,' तो म्हणाला. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून तिने परत विचारलं. उत्तर तेच आलं.

धैर्यशीलची लागण मेली नाही. त्याची दुसऱ्या दिवशीची पाळी त्याच्या भावाने सांभाळली. नदीवरची हकिगत त्याने गावात कशी सांगितली ते माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यापर्यंत पिराजी माजलाय, सरळ तोंडावर न्हाय म्हणतोय, असं मत बऱ्याच सभासदांचं झालं. काहींनी पुढच्या सभेत पाटकरी बदलायचा विषय घ्यावा असंही सुचवलं.

पुढचं केंदाळ साचलं तेव्हा पिराजी कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून नदीवर आला. फ्यूजच्या पकडी नव्या बसवल्या होत्या. ज्ञानूने फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घातले आणि पिराजीपुढे हात पसरला. पिराजीने फोन दिला. ज्ञानूने तो बंद केला, शर्टात गुंडाळला, शर्टावर दगड ठेवला आणि पाण्यात उतरला.

पिराजी रिकाम्या हातांनी पायरीवर बसला. थोड्या वेळाने बांधावरून कुणीतरी हाक मारली, नाना, मोटर कवा लावताय, आमचं जरा निकडीचं होतं.

"न्हाय," पिराजी मान न वळवता म्हणाला. "माणूस पाण्यात हाय."

हाक मारणारा जरा वेळ तिथेच उभा राहिला. पुढे चहाचं काही निघतंय का, याची वाट बघितली असावी. पिराजी मात्र बुडबुडे यायच्या जागेकडे बघत होता. ते अजून आले नव्हते.